कॉइल जळाली, पण का जळाली?

इथे मी एरवी रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड अशा विषयांवर लिहिते. आज गाडीबद्दल लिहिणार आहे. ‘डॉक्टरांना गाडीतलं काय कळतं?’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे, मला फारसं कळत नाही. पण गेल्या मे महिन्यात कराडमधल्या एका गॅरेजमध्ये चार तास बसून मी जे पाहिलं, त्यातून माझी एक चूक माझ्या लक्षात आली. ती तुम्हाला सांगणं मला गरजेचं वाटतं. ज्याच्या बाबतीत ती घडली त्या माझ्या मोठ्या भावाची परवानगी घेऊनच लिहितेय.

दादा चिपळूणजवळ राहतो. वय ५६. आंब्याची बाग आहे आणि एक पिकअप आहे, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी, चार सिलिंडरची. सीझनमध्ये हापूसच्या पेट्या भरून रात्री तीनला निघायचं, कुंभार्ली घाट चढायचा आणि सकाळी कराडला माल उतरवायचा, हा त्याचा नेम. त्या दिवशी सकाळी सातला त्याचा फोन आला. “अगं, गाडी घाटात मिसिंग मारायला लागली. पोफळीपासून वर झटके देत देत आलोय. आता कराडात आहे, पण परत जायची खात्री नाही.”

ही मिसिंगची तिसरी वेळ होती. पहिल्यांदा एका गॅरेजने चारही प्लग बदलले. दुसऱ्यांदा दुसऱ्याने तिसऱ्या नंबरची कॉइल बदलली. नंतर एकाने नुसता आवाज ऐकून ‘इंजिन खोलावं लागेल, साठेक हजार धरून चाला’ असं सांगितलं होतं. सीझनमध्ये पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर वर्षाचा हिशोबच कोलमडतो. त्यामुळे दादा हादरलेला होता. माझ्या एका जुन्या पेशंटच्या ओळखीने आम्ही गावाबाहेरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली.

मिसिंग म्हणजे नेमकं काय?

आधी थोडं समजून घेऊ. इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन यांचं मिश्रण येतं, पिस्टन ते दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. इंजिनच्या दर दोन फेऱ्यांमध्ये प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असेल, तर एकेक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातला एखादा पेटला नाही किंवा अर्धवट पेटला, की इंजिनला हिसका बसतो. यालाच मिसफायर किंवा आपल्या भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: हवा-इंधनाचं योग्य मिश्रण, योग्य वेळी चांगली ठिणगी आणि पुरेसा दाब. मिसिंग असेल तर या तिघांपैकी एकात तरी खोट आहे. पण कुठे? प्लग, कॉइल, वायर, इंजेक्टर, फिल्टर, हवेची गळती, व्हॉल्व्ह, रिंगा... यादी मोठी आहे. धाप लागते म्हणून आलेल्या पेशंटसारखंच. कारण हृदयात असेल, फुप्फुसात असेल किंवा रक्तातही असेल.

बॉनेट उघडण्याआधीचे प्रश्न

मला वाटलं होतं मिस्त्री लगेच पाने काढतील. त्यांनी दादाला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि विचारायला सुरुवात केली.

“कवापास्नं मिसिंग मारतीय? थंड असताना का गरम झाल्यावर? रिकामी असताना का भरल्यावर? गॅसवर का पेट्रोलवर?”

दादा म्हणाला, “सपाटीला फारशी नाही. भरलेली असताना, चढाला, एक्सलरेटर दाबला की. आणि गॅसवर. आज पेट्रोलवर टाकली तेव्हा कशीबशी घाट चढली.”

“ह्ये आधी कुणाला सांगितलं हुतं?”

“कुणी विचारलंच नाही.”

मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. एवढ्या उत्तरावरून त्यांचा अर्धा तपास झाला होता. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. शिवाय चढावर, भरलेल्या गाडीत सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा ठिणगीला प्लगची फट ओलांडायला आणखी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे ठिणगी मुळात अशक्त असेल, तर ती सपाटीला पेट्रोलवर निभावून नेते आणि घाटात गॅसवर उघडी पडते. आपल्याकडेही असंच असतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर घरात बसून काही जाणवत नाही, पण जिना चढताना छाती भरून येते. म्हणून आम्ही ‘कधी होतं? काय केल्यावर होतं?’ असं खोदून विचारतो. तुम्हाला ते कंटाळवाणं वाटतं, पण तपास तिथेच सुरू होतो.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला आजही आठवतो. “आजवर काय काय बदललं, आणि बदलल्यावर किती दिस बरी चालली?”

दादाने सांगितलं. प्लग बदलल्यावर महिना-दीड महिना. कॉइल बदलल्यावर तीन महिने. मग पुन्हा तेच.

“म्हंजी औषध लागू पडतंय, पर रोग उलटतोय,” ते म्हणाले.

स्कॅनर म्हणजे रिपोर्ट, निदान नव्हे

मग स्कॅनर लावला. पी०३०३ असा कोड आला. या कोडची रीत सोपी आहे. पी०३०० आला तर मिसिंग एका ठरावीक सिलिंडरला बांधलेलं नाही. पी०३०१ ते पी०३०४ आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो. गाडीच्या कॉम्प्युटरला हे कळतं कसं? इंजिनचा मुख्य दांडा फिरताना त्याच्या वेगावर एक सेन्सर नजर ठेवून असतो. एखाद्या सिलिंडरची ढकल आली नाही, की दांडा क्षणभर मंदावतो. आम्ही मनगटावर बोट ठेवून नाडीतला अनियमितपणा टिपतो, तसंच हे.

पण कोडने काय सांगितलं? ‘तिसऱ्या सिलिंडरमध्ये नीट पेटत नाही’, इतकंच. ‘तिसरी कॉइल बदला’ असं त्यात कुठेही नव्हतं. आधीच्या गॅरेजने मात्र तसंच वाचलं होतं.

मिस्त्रींनी पुढे जे केलं ते मला फार आवडलं. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिलीची तिसऱ्यावर. कोड पुसला. पेट्या गाडीतच होत्या, तशीच भरलेली गाडी गॅसवर एका चढावर नेऊन आणली. पुन्हा स्कॅनर लावला, तर आता पी०३०१ आला. मिसिंग कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेलं होतं! कोड तिसऱ्यावरच राहिला असता, तर त्यांनी पुढे प्लग, मग इंजेक्टर असं एकेक तपासलं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळतच नाही.

दादा खूश झाला. “म्हणजे कॉइलच गेली. टाका नवी, निघतो मी.”

मिस्त्रींनी मान हलवली. “कॉइल जळाली ह्ये खरं. पर तीन महिन्यात नवी कॉइल का जळाली, ह्ये कुणी बघितलंच न्हाई.”

त्यांनी टॉर्च घेतला आणि प्लग जिथे बसतो त्या खोल भोकात उजेड टाकला. मला वाकून बघायला सांगितलं. तळाशी काळसर तेल साचलेलं होतं.

इंजिनच्या वरच्या झाकणाला, म्हणजे टॅपेट कव्हरला, रबरी पॅकिंग असतं. ते उष्णतेने कडक होऊन तडकलं होतं. तिथून इंजिन ऑइल थोडं थोडं झिरपून तिसऱ्या प्लगच्या भोकात उतरत होतं. त्या तेलाने कॉइलचं रबर फुगून खराब होत होतं. ते खराब झालं की हजारो व्होल्टची ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता मधूनच बाजूच्या लोखंडात पळून जाई. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तिच्या वाटेची बारीक काळी रेघही त्यांनी दाखवली. नवी कॉइल बसवली की काही आठवडे सगळं ठीक, मग तेल पुन्हा आपलं काम करायचं.

पॅकिंगचा सेट काही शे रुपयांचा होता.

आणि मग माझी चूक

मी त्या भोकातल्या तेलाकडे बघत होते. मग मान वर करून दादाकडे पाहिलं. उन्हात उभा होता, तरी चेहरा फिकट. घाम पुसताना हाताचा तळवा दिसला, तोही पांढुरका.

गेल्या दिवाळीत दादाला थकवा येत होता. पेट्या उचलताना धाप लागत होती. मी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. पुरुषांमध्ये ते १३च्या वर हवं. फेरिटिनही खूप कमी, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला. मी म्हटलं, रात्री-अपरात्री फिरतोस, चहा-वडापाववर दिवस काढतोस, दुसरं काय होणार? लोहाच्या गोळ्या दिल्या. फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ११.६ झालं. त्याला बरं वाटलं, त्याने गोळ्या थांबवल्या. मे महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा तपासलं तर ९.१. मी त्याला रागावले, ‘गोळ्या बंद केल्यास म्हणून झालं’ आणि त्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

लोह कमी आहे हे खरं होतं. पण लोह जातंय कुठे, हे मी बघितलंच नव्हतं. मी रिपोर्ट वाचला, कॉइल बदलली आणि गाडी घाटात पाठवली. दुसऱ्या कुणाचा पेशंट असता तर मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं. घरच्या माणसाच्या बाबतीत आपण घाईने समजूत करून घेतो, आणि डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत.

प्रौढ पुरुषाला केवळ खाण्यातून लोह कमी पडलं, असं सहसा होत नाही. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांचंही तेच. त्यांच्यात लोह कमी झालं तर आधी विचार करायचा तो रक्त कुठून तरी जातंय का याचा, आणि बहुतेकदा तो पोटातून, आतड्यातून. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे!

तिथेच गॅरेजमध्ये मी विचारलं, “दादा, तू दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेतोस?”

“कुठल्या नाही. कंबरेची एक असते, तेवढीच.”

तो गाडीत गेला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक पाकीट घेऊन आला. डायक्लोफेनॅक. दोन वर्षांपासून बाजाराच्या दिवशी एक, कधी दोन. मेडिकलमधून आणलेली, पहाटे उपाशीपोटी, चहाबरोबर. “ही काय औषध थोडीच आहे? अंग दुखतं म्हणून घेतो,” तो म्हणाला. शौचाचा रंग? “काळा असतो. पण तूच म्हणालीस ना, लोहाच्या गोळ्यांनी होतो?”

हो, मीच म्हणाले होते. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होतं हे खरं आहे. पण जठरातून रक्त जात असलं तरी ते काळं होतं, डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं. मी फोनवर अर्धं वाक्य ऐकून उत्तर दिलं होतं.

एक कारण सापडलं तरी तपास पूर्ण करायचा

मिस्त्रींचं काम संपलं नव्हतं. पॅकिंग आणि कॉइल बदलायची ठरल्यावरही त्यांनी चारही प्लग काढले, इंधन बंद केलं आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. “एक चोर सापडला म्हणून दुसरा न्हाईच असं कसं म्हणायचं? आणि त्या साठ हजाराच्या भ्याचा निकाल लागू दे.” चारही आकडे जवळपास सारखे आले. व्हॉल्व्ह आणि रिंगा ठीक होत्या, इंजिन खोलायची गरजच नव्हती. इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारा छोटा व्हॉल्व्हही त्यांनी साफ केला, कारण तो तुंबला तर आतला दाब वाढतो आणि नव्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकललं जातं.

दादाच्या बाबतीतही आम्ही तसंच केलं. त्याच आठवड्यात एंडोस्कोपी झाली. जठराच्या खालच्या भागात अल्सर होता. तिथला छोटा तुकडा तपासणीला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कॅन्सर नव्हता. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू मात्र सापडले. हे जंतू आणि वेदनाशामक गोळ्या दोन्ही अल्सर घडवतात, आणि दोन्ही एकत्र आले की धोका आणखी वाढतो. अल्सर सापडला तरी वय पन्नाशीपुढचं असल्याने मोठ्या आतड्याचीही दुर्बिणीतून तपासणी केली. ती नॉर्मल आली.

जंतूंवर १४ दिवस अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारं औषध, डायक्लोफेनॅक कायमची बंद, कंबरेसाठी व्यायाम, आणि लोहाच्या गोळ्या या वेळी साठा भरेपर्यंत. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा अल्सर भरला होता. या दिवाळीत हिमोग्लोबिन १३.४ आहे. गाडीनेही त्यानंतर मिसिंग मारलेलं नाही.

गाडी आणि शरीर यात एक मोठा फरक आहे. मिस्त्री पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावून बघू शकतात, मला तुमचा एखादा अवयव असा अदलून बघता येत नाही. त्यांना इंजिन बंद करता येतं, मला चालू इंजिनच तपासावं लागतं. म्हणूनच तुम्ही जे सांगता त्यावर आम्ही इतके अवलंबून असतो.

लक्षात ठेवा

• मेकॅनिककडे असो वा डॉक्टरकडे, त्रास कधी होतो, काय केल्यावर वाढतो, आधी काय उपचार झाले आणि त्यानंतर किती दिवस बरं वाटलं, हे स्वतःहून सांगा.

• ‘ही काय औषध थोडीच आहे’ असं वाटणारी प्रत्येक गोळी, काढा आणि चूर्णही सांगा. जमलं तर पाकिटंच घेऊन या.

• हिमोग्लोबिन कमी आलं तर ‘वाढवायला काय घेऊ?’ एवढंच विचारू नका. ‘कमी का झालं?’ हेही विचारा. गोळ्यांनी वाढून पुन्हा उतरलं तर नक्कीच.

• वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने, उपाशीपोटी, रोज घेऊ नका.

• गाडीतला चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर लवकर दाखवा. लुकलुकत असेल तर एक्सलरेटर सोडा आणि सुरक्षित जागी थांबवा. न जळलेलं इंधन सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग खराब होतो. कॉइल स्वतः काढून बघू नका, झटका जबर असतो.

• शरीराचा लुकलुकणारा दिवा म्हणजे डांबरासारखं काळं शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, बसल्या जागी धाप, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही झालं तर वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा.

त्या दिवशी निघताना मी मिस्त्रींना म्हटलं, “आज तुमच्याकडून शिकले.” ते हात पुसत म्हणाले, “आमी काय शिकवणार डॉक्टर? तेल दिसलं म्हणून बोललो.” टॉर्च घेऊन बघितलं, म्हणून दिसलं. माझ्या हातातही टॉर्च होता, मीच तो लावला नव्हता. तुमच्यापैकी कुणाच्या घरी वर्षभर कुणी लोहाच्या गोळ्या घेत असेल, तर या आठवड्यात त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एवढंच विचारा: लोह जातंय कुठे?

काळजी घ्या.